जंतांमुळे झालेल्या ॲनिमियासाठी संसर्गरोगतज्ज्ञांना दाखवावे का?

आपल्या सासूबाईंचे हिमोग्लोबिन ७ वर आले आहे, शौचाच्या तपासणीत हूकवर्मची, म्हणजे अंकुशकृमीची, अंडी दिसली आहेत आणि आता संसर्गरोगतज्ज्ञांकडे जावे की नेहमीचे फिजिशियन पुरेसे आहेत, असे आपण विचारले आहे. निदान झालेलेच असेल तर चांगला फिजिशियन पुरेसा आहे. आमच्याकडे मात्र निदानालाच काही वर्षे लागली आणि ते संसर्गरोगतज्ज्ञांमुळेच झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आई रत्नागिरी जिल्ह्यात राहते. भातलावणी, पोफळीच्या बागेचे शिंपणे, पडलेली सुपारी वेचणे ही सगळी कामे तिने जन्मभर अनवाणी केली. साठी ओलांडल्यावर विहिरीवरून घरापर्यंतची चढण चढताना तिला धाप लागू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत रक्त थोडे वाढायचे आणि थांबल्या की पुन्हा खाली यायचे. आमच्या घरात थोरल्या काकांचा शब्द शेवटचा असतो. त्यांनी ठरवून टाकले की बायकांचे रक्त कमीच असते, तिला बीट आणि गूळ-शेंगदाणे द्या. मी पुण्याहून प्रत्येक फोनवर एकच सांगत होते, की पाळी जाऊन इतकी वर्षे झालेल्या बाईच्या अंगातले लोह उगाच संपत नाही. रक्त कुठून तरी जात असलेच पाहिजे. त्यावर, शहरातले डॉक्टर पैसे उकळतात, हे त्यांचे उत्तर ठरलेले असे.

शेवटी तिला पुण्यात आणले तेव्हा रक्त चढवावे लागले आणि तिथल्या फिजिशियननी आम्हाला संसर्गरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी आईचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि प्रत्येकातल्या एकाच ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ती ओळ इओसिनोफिल या, जंत असले की वाढणाऱ्या, पांढऱ्या पेशींची होती. प्रत्येक वेळी आकडा वाढलेला होता, लॅबने तो ठळक छापलाही होता आणि कोणीही त्याकडे पाहिले नव्हते. मग आहाराबद्दल एक अक्षरही न विचारता त्यांनी शेतात कोणते पीक असते, बागेत पायांत काय घालता, पहिल्या पावसात पायांना खाज सुटते का, असे प्रश्न विचारले. आईने चप्पल काढून बोटांच्या बेचक्या दाखवल्या आणि म्हणाली, ‘चिखल्या होतात दरवर्षी, मी मेंदी लावते.’ चिखल्या होतच असतील, पण अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून त्वचेत शिरतात तिथेही अशीच खाज सुटते, आणि हे तिला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

शौचाची एक तपासणी आधी झाली होती आणि ती निर्दोष आली होती. डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशीचे ताजे नमुने मागवले, कारण अंडी रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत आणि नमुना तसाच पडून राहिला तर ती फुटून अळ्या बाहेर येतात. त्यात अंडी सापडली.

काकांच्या बिटाचा हिशेब मी इथेच मांडते. अंकुशकृमींपैकी ॲन्कायलोस्टोमा जातीचा एक कृमी आतड्याला चिकटून दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. नेकेटर जातीचा सुमारे ०.०३ मिलिलिटर. पहिल्या जातीचे शंभर कृमी असले तर रोज १५ ते २० मिलिलिटर रक्त गेले. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते आणि आपले शरीर अन्नातून दिवसभरात जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते. बिटात तर मुळात लोह फारसे नसतेच. तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतत बसण्यासारखा तो उपाय होता.

उपचार अगदी साधा निघाला: अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी आणि सोबत लोह. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी लोह आणखी तीन महिने चालू ठेवले. कृमी गेल्याची खात्री पुन्हा शौचतपासणी करूनच केली. आपणही ती करून घ्यावी.

मग तज्ज्ञांची गरज कधी असते? औषधानंतरही इओसिनोफिल उतरत नसतील, किंवा दमा, संधिवात यांसाठी स्टेरॉइड चालू असतील किंवा सुरू होणार असतील, तर जरूर जावे. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा दुसरा एक कृमी शरीरात वर्षानुवर्षे स्वतःची संख्या टिकवून राहतो, स्टेरॉइडमुळे तो जिवावर बेतेल इतका पसरू शकतो आणि त्याला अल्बेंडाझोलची एक गोळी पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागते.

औषध घेऊनही पुन्हा लागण होते, हे मात्र घरात ठणकावून सांगा. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शेतात राबणाऱ्या प्रौढ बायका त्यात येत नाहीत. आमच्या घरी पक्के शौचालय आहे, तरीही काका पहाटे बागेच्या खालच्या अंगाला जातात आणि त्याच ओल्या जमिनीवर आई सुपारी वेचते. त्यांनी स्वतःची तपासणी करायला आजही नकार दिलेला आहे. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात हे मला मान्य आहे, पण बागेत ते घालायला काहीच अडचण नाही, आणि घरातल्या पुरुषांनी शौचालयात जायला तर मुळीच नाही.

दोन गोष्टी राहिल्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल देत नाहीत, त्यामुळे घरातल्या इतरांना परस्पर गोळ्या वाटू नका. आणि सासूबाईंची पाळी गेलेली असेल, तर जंत सापडले म्हणून तिथेच थांबू नका. जठरातून किंवा मोठ्या आतड्यातून, क्वचित कर्करोगामुळेही, रक्त जात असू शकते, तेव्हा दुर्बिणीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच रुग्णालयात न्या.