हृदयात रुतलेला जुना छर्रा काढावा का?

प्रश्न : माझ्या वडिलांना १९७१ च्या युद्धात छातीत छर्रे लागले होते. नुकत्याच केलेल्या सीटी स्कॅनमध्ये त्यांतला एक हृदयाच्या स्नायूत दिसला. त्यांना कसलाही त्रास नाही. शस्त्रक्रिया करावी का? – एक वाचक, खडकी, पुणे

उत्तर : इतकी वर्षे स्नायूत पूर्ण रुतून राहिलेला आणि त्रास न देणारा तुकडा बहुधा तसाच ठेवून इकोकार्डिओग्राफीने (हृदयाच्या सोनोग्राफीने) त्यावर लक्ष ठेवले जाते. मात्र तो डाव्या कप्प्यात सुटा असेल, तर तो स्वतः किंवा त्यावर जमलेली गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ शकतो. अशा वेळी, तसेच जंतुसंसर्ग झाल्यास किंवा हृदयाभोवती द्रव साठू लागल्यास, तो काढणेच हिताचे ठरते. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या शल्यविशारदांनी १३४ सैनिकांच्या हृदयातून आणि त्याच्या आसपासून असे तुकडे काढले व त्यांतला एकही दगावला नाही, हे आजही थक्क करते; पण ते सैनिक तरुण होते आणि जखमा ताज्या होत्या. आपल्या वडिलांच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती एमआरआयची. लोखंडी तुकडा त्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात हलू शकतो, म्हणून कोणत्याही तपासणीपूर्वी या छर्‍याची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.