सिंथवरच्या पार्श्वसंगीताची पूर्ण आवृत्ती मागायची कशी

म्हापशाहून विचारणा आली आहे: 'ब्लेड रनर'चं संपूर्ण संगीत अजून का मिळत नाही, आणि चाहत्यांनी मागणी करायची तर कशी?

चित्रपट १९८२चा. तेव्हा बाजारात आलेली तबकडी न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राने वाजवलेली होती, चित्रपटाचा संगीतकार वांगेलिसची नव्हे. त्याचा स्वतःचा अल्बम यायला १९९४ उजाडलं, आणि त्यातही संवाद मिसळलेले. २००७च्या तीन सीडींच्या संचात पहिली सीडी हाच अल्बम, दुसरीत आधी न आलेलं संगीत आणि तिसरीत नव्याने केलेलं. तरीही पडद्यावर ऐकू येणारे कितीतरी तुकडे बाहेरच राहिले.

वाद्यवृंदाचं संगीत असेल तर नोटेशन हाताशी असतं, टेप हरवली तरी पुन्हा वाजवून घेता येतं. वांगेलिस मात्र चित्र समोर लावून, यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरवर (म्हणजे सिंथवर) थेट वाजवायचा. आपल्या जत्रेतल्या नाटकाला कीबोर्डवाला प्रसंग बघत तिथल्या तिथे वाजवतो ना, तसंच. कागदावर काही नाही, म्हणून टेप हाच एकमेव पुरावा. वाद्यवृंदातल्या वादकांना अल्बमसाठी अनेकदा पुन्हा मानधन द्यावं लागतं, तो खर्च एकट्याच्या सिंथकामात जवळपास नसतो. तेव्हा घोडं पैशापेक्षा टेपपाशी आणि हक्कांपाशी अडतं.

टेपचं दुखणं गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अँपेक्स ४५६सारख्या टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर पट्टीला धरून ठेवणारा गोंद, हवेतली ओल शोषतो आणि चिकट होतो. मशीनवर लावली की किंचाळते, हेडवर तपकिरी राळ जमते आणि रेकॉर्डिंगच खरवडून निघतं. उपाय म्हणजे सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा जास्त, रुंद टेपेला त्याहून बराच वेळ, कोरड्या उष्णतेत ठेवायची आणि काही आठवड्यांत डिजिटल प्रत करून घ्यायची. ओल पुन्हा शिरतेच. घरात जुनी नाटकांची रिळं असतील तर स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका, त्याचं तापमान वरखाली होतं. आणि ॲसिटेट या जुन्या प्लॅस्टिकची टेप अशी तापवायचीच नाही. रीळ उजेडासमोर धरलं आणि प्रकाश आरपार दिसला, तर ती बहुधा ॲसिटेटची.

आता मागणी. नुसतं 'पूर्ण द्या' लिहून काही होत नाही. यादी करा: चित्रपटातली वेळ, तुकड्याची लांबी, आणि तो अल्बममध्ये नाहीच, की कापलेला आहे, की वेगळा वाजवलेला. ५.१ (सहा वेगळ्या चॅनलांच्या) ध्वनिपट्टीत संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात. तो बंद करून ऐकलं की संगीत बरंच मोकळं होतं.

इथे एक चूक हमखास होते. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ने धावतो, म्हणजे चार टक्के जलद. चार मिनिटांचा तुकडा ३ मिनिटं ५० सेकंदांत संपतो आणि काळी एकचा सूर पांढरी दोनच्या जवळ सरकतो, पण तिथवर पोचत नाही. अल्बमशी ताडून लोक याला 'वेगळा टेक', म्हणजे पुन्हा वाजवलेलं दुसरं रेकॉर्डिंग, म्हणून नोंदवतात, आणि अशी एक नोंद निघाली की सगळ्या यादीवरचा विश्वास उडतो. म्हणून वेळा ब्लू-रेवरूनच घ्या. खरा वेगळा टेक ओळखायचा तर सूर सोडा, सिंथचा फिल्टर (आवाज उजळ किंवा मंद करणारा भाग) उघडण्याची वेळ आणि बोटांनी दिलेला कंप ऐका. तो दोनदा हुबेहूब तसाच येत नाही.

पत्र एकाच ठिकाणी पाठवून भागत नाही. चित्रपटाचे हक्कदार, अल्बमचे हक्क असलेली कंपनी आणि संगीतकाराच्या पश्चात त्याचे वारस (वांगेलिस २०२२मध्ये गेला), या तिघांचा होकार लागतो. इंट्राडा, ला-ला लँड यांच्यासारख्या छोट्या कंपन्या अशा आवृत्त्या मर्यादित प्रतींत काढतात. त्यांना यादी पाठवताना वरचे दोन-तीनच तुकडे ठळक करा, वेळेसकट.