आजाऱ्याच्या नजरेसमोर काय असावे?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, डॉक्टर समाधानी आहेत. पण त्या सतत चिडतात, व्यायामाला नकार देतात आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मागच्या खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या घराच्या भिंतीवर उघडते. नणंदबाई म्हणतात, त्यांना पुढच्या खोलीत हलवा, आसपास झाडे-फुले ठेवा. घरातील इतरांना ही नुसती मनाची समजूत वाटते. खरे काय मानावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नणंदबाईंचे ऐका, आणि शक्य असल्यास खाट आजच हलवा. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी रॉजर उलरिच या संशोधकांनी तपासल्या. खोल्या जवळजवळ सारख्याच होत्या. फरक एवढाच, की काही खिडक्यांतून झाडे दिसत आणि काहींतून विटांची भिंत. एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावून केलेली ही तुलना १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्याविषयी रडण्या-कुरकुरण्याचे शेरे कमी आढळले.

या अभ्यासातील एक तपशील सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेचा दिवस आणि त्यानंतरचा पहिला दिवस, म्हणजे दुखणे ऐन भरात असताना, दोन्ही गटांना लागलेल्या वेदनाशामकांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत मात्र झाडे पाहणाऱ्यांना तीव्र औषधे बरीच कमी लागली. याचा अर्थ मी असा लावतो, की झाड वेदना पुसत नाही. वेदना थोडी सैल झाली, की तिच्यावर खिळलेले लक्ष सोडवून घ्यायला ते जागा देते. सासूबाई आज नेमक्या याच टप्प्यावर आहेत. अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता, हे ध्यानात ठेवावे. पण खाट हलवायला याहून मोठा पुरावा लागत नाही.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हे त्याच्या सव्वाशे वर्षे आधी स्वानुभवातून लिहून ठेवले होते. तापाने झोपडीत पडून असताना खिडकीबाहेरचे काही दिसत नव्हते, समोर दिसत होत्या त्या फक्त लाकडातील गाठी, आणि त्याचा त्यांना असह्य त्रास झाला. पुढे कोणीतरी रानफुलांचा एक गुच्छ पाठवला आणि तेव्हापासून आपली प्रकृती झपाट्याने सुधारू लागली, असे त्या सांगतात. आकार आणि रंग यांतील वैविध्याचा रुग्णाच्या शरीरावरही परिणाम होतो, असे त्यांचे ठाम मत होते.

खाट हलवल्यावर एकदा स्वतः उशीवर डोके टेकवून पाहा. उभ्या माणसाला दिसणारी कुंडी आडव्या माणसाला पुष्कळदा दिसतच नाही; त्याच्या वाट्याला पंखा आणि ग्रिलच्या वरच्या सळया येतात. म्हणून कुंडी जमिनीवर न ठेवता वेल ग्रिलवर चढवा. गोकर्ण त्यासाठी उत्तम. बिया रात्रभर भिजत घालून पेरल्या, की वेल लवकर धरतो. संध्याकाळी छत्रीसारखी मिटलेली कळी सकाळी निळी उघडलेली दिसते. शेजारी गुलबाक्ष असू द्यावी, कारण तिची फुले दुपार कलल्यावर उमलतात. पडून असलेल्या माणसाला सकाळ, दुपार, संध्याकाळ सारखीच वाटते. अशा वेळी चार-पाच वाजता उमलणारे काहीतरी समोर असले, की दिवसाला पुन्हा टप्पे पडतात. गुलबाक्षीच्या काळ्या बिया विषारी असतात. घरात लहान मूल असेल, तर त्या वेळीच वेचून टाकाव्यात.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. कोणती फुले हवीत, हे सासूबाईंना विचारा. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या उठण्याची, बसण्याची, जेवणाची प्रत्येक वेळ दुसरे कोणीतरी ठरवत आहे; निदान खिडकीत काय फुलावे, हे तरी त्यांच्या हातात असू द्या. मोगरा सोडून त्यांनी अबोली मागितली, तर अबोलीच आणावी. खुर्चीत बसण्याची परवानगी मिळाली असेल, तर मांडीवर फुलांची परडी द्या. बकुळीला मधोमध आयतेच छिद्र असते, त्यामुळे ती सुईशिवायही ओवता येते, आणि सुकल्यावरही तिचा वास टिकतो. ‘व्यायामासाठी बसा’ म्हटल्यावर न बसणारी माणसे देवाचा हार पुरा करण्यासाठी बराच वेळ ताठ बसलेली मी पाहिली आहेत. झाडांचे पाणी फरशीवर सांडू नये, एवढी काळजी मात्र घ्या. वॉकर धरून चालणाऱ्याला ओली फरशी फार धोक्याची.

प्रश्न : माझ्या भावाची केमोथेरपी सुरू आहे. त्याच्या खोलीत हवा शुद्ध करणारी झाडे ठेवावीत का? रात्री झाडे घातक वायू सोडतात, हे खरे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, पण चार कुंड्या मिळून जेवढा सोडतात, त्याहून कितीतरी अधिक खोलीत झोपलेला एक माणूस सोडतो, तेव्हा ती भीती नको. हवाशुद्धीची कीर्तीही फुगवलेली आहे. ती ‘नासा’च्या १९८९ सालच्या ज्या प्रयोगांवर उभी आहे, ते हवाबंद पेट्यांत झाले होते, दारे-खिडक्या असलेल्या घरात तसा परिणाम साधायचा, तर झाडांनी घर भरून टाकावे लागेल. तुमच्या भावाच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कुंडीतील मातीत आणि फुलदाणीच्या पाण्यात वाढणाऱ्या बुरशीपासून व जिवाणूंपासून संसर्ग होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत कुंडी आणि ताजी फुले खोलीत नकोत. काचेबाहेर, त्याला दिसेल अशी कुंडी टांगा, किंवा त्याच्या आवडीच्या जागेचे मोठे छायाचित्र समोर लावा.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. घराला गॅलरी नाही, त्यामुळे बाग नाही. मुलीने रंगपेटी आणून दिली आहे. पण शाळेनंतर मी कधी चित्र काढलेले नाही आणि अलीकडे हात थोडा थरथरतो. या वयात याचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चित्र चांगले येण्यावर उपयोग अवलंबून असता, तर तुमची शंका रास्त ठरली असती. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती आणि कागदाची कात्रणे यांच्याशी मोकळेपणाने काम करू दिले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते घटले, आणि पूर्वी कधी चित्र काढले होते की नाही, याने त्यात फरक पडला नाही. कलेविना नुसता वेळ घालवणाऱ्यांशी तुलना त्यात नव्हती, म्हणून मी त्यावर फार भार देणार नाही; पण नवशिक्यांनी घाबरू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

तुमच्या परिस्थितीला सर्वांत जवळचे उदाहरण मला हेन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराचे वाटते. १९४१ साली कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना उभे राहून रंगवणे अवघड झाले. त्यांनी कात्री हाती घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, मातीस त्यातून पाने, फळे, पक्षी कातरत आणि ते भिंतीवर लावून घेत. प्रकृतीमुळे मला बरेचदा अंथरुणातच राहावे लागते, म्हणून मी माझ्याभोवती एक छोटी बाग केली आहे आणि तिच्यात मी फिरतो, असे त्यांनी या भिंतीविषयी म्हटले होते. तुमच्याकडे गॅलरी नाही, भिंत आहे. पिंपळाचे किंवा जास्वंदीचे पान आणून त्याच्या शिरांच्या बाजूला रंग लावा आणि कागदावर दाबा. हात थरथरला, तरी शिरा स्पष्ट उमटतात. जुन्या मासिकांतील रंगीत पाने कातरून पाहा. वेळ मात्र ठरावीक ठेवा, आणि शक्यतो तीच ठेवा, जी पत्नीच्या जाण्यानंतर सर्वांत रिकामी झाली आहे.

थरथरणारा हात डॉक्टरांना दाखवा. त्याची कारणे अनेक असतात आणि बऱ्याचदा उपाय असतो. आणि एक गंभीर गोष्ट. व्हॅन गॉग यांनी मे १८८९ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाल्यावर लगेच तिथल्या बागेतील आयरिसची फुले रंगवायला घेतली आणि वर्षभरात तिथे अप्रतिम काम केले. तरीही जुलै १८९० मध्ये त्यांचा अंत झाला. बाग आणि कला यांना उपचारांच्या जागी बसवू नये, त्यांच्या सोबत ठेवावे. झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर रंगपेटीवर विसंबून थांबू नका. मुलीशी बोला, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.