उजवी पाकळी पडली, मग असं का झालं?

वास्कोहून एका आईचं पत्र आलं आहे. पंचविशीतल्या मुलाला तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, व्हायचं होतं. जहाजावर निवड झाली तेव्हा आईनं फोंड्याकडच्या देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवीच्या अंगावर पाकळ्या लावून कौल मागितला, 'पोराला पुढं पाठवू का?' उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. नोकरी लागली तर देवीची ओटी भरीन आणि समाराधना, म्हणजे देवीच्या नावानं जेवण, घालीन, असं बोलून त्या परतल्या. रुजू होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत मुलाच्या हृदयाला जन्मापासूनचं छिद्र असल्याचं कळलं. नोकरी गेली. बांबोळीच्या इस्पितळात छिद्र बंद केलं, आता मुलगा घरीच असतो आणि फारसं बोलत नाही. शेजारणी म्हणतात, "देवान राखलो गे!" आई विचारते, "मी नोकरी मागितली, आजार नव्हे. मला देवीचा राग येतो, हे पाप आहे का? नवस फेडू की नको?"

ताई, हे पाप नाही. आपल्या देवळांत गाऱ्हाणं घालतात तेव्हा शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणापासून रखडलेल्या लग्नापर्यंत सगळं देवाच्या कानावर जातं. तुमचा रागही तिथंच नेऊन सांगा. मनात दाबून हात जोडण्यापेक्षा ते बरं.

शेजारणींचं म्हणणं मला पटतं, पण ते त्यांनी तुमच्याआधी बोलायला नको होतं. असं छिद्र कित्येकदा मोठेपणापर्यंत कळतच नाही. भर समुद्रात त्रास सुरू झाला असता तर काय, हा विचार माझ्याही मनात आला. मी श्रद्धाळू आहे, मला यात देवीचा हात दिसतो. तुमच्याच शब्दांकडे पाहा. तुम्ही 'नोकरी लागेल का' असं विचारलंच नव्हतं, 'पुढं पाठवू का' असं विचारलंत. देवीनं पाठव म्हटलं, पोरगा गेला, आणि गेला म्हणूनच तपासणी झाली. तरी मला दिसतं ते तुम्हाला आजच दिसावं, असा हट्ट मी धरणार नाही.

मंगेशाचं उदाहरण घ्या. पोर्तुगीज देवळं पाडत होते, म्हणून 1560 साली त्याचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे, अंत्रुज महालातल्या (आजच्या फोंडा तालुक्यातल्या) प्रियोळला हलवलं. ते नेणाऱ्यांनी आमचं देऊळ वाचव, अशीच विनवणी केली असणार. देऊळ वाचलं नाही. देव मात्र राहिला, आणि आज साऱ्या महाराष्ट्रातून, कर्नाटकातून माणसं त्याच्या पायाशी येतात. म्हणून देऊळ पडलं ते चांगलंच झालं, असं कुणी म्हणेल का? कुणीच म्हणू नये. हानी ती हानीच. तुमच्या पोराचा जीव वाचला हे खरं आणि त्याचं स्वप्न मोडलं हेही तितकंच खरं. दुसऱ्या गोष्टीसाठी रडल्यानं पहिलीचा अपमान होत नाही.

मला खरी काळजी मुलाची वाटते. पत्रात देवीबद्दल चार पानं आहेत आणि त्याच्याबद्दल तीन ओळी. घरात सगळे 'वाचलास बाबा' म्हणत असताना 'माझं जहाज गेलं' हे तो कुणाला सांगणार? एका संध्याकाळी त्याला जवळ बसवा आणि देवाचा विषय न काढता नुसतं ऐका. हृदयविकाराच्या डॉक्टरांना त्यानं स्वतः विचारू दे, छिद्र बंद झाल्यावर काही काळानं समुद्रावरच्या कामासाठी पुन्हा तपासणी देता येईल का. काहींना देता येते. उत्तर नाही असं आलं तर बंदरात, गोदीत जहाजांचीच कामं आहेत, आणि तुम्ही तर वास्कोतच राहता.

नवसाचं म्हणाल तर तुम्ही तो नोकरीसाठी बोललात. नोकरी लागली नाही, तेव्हा तुमच्या डोक्यावर काही थकलेलं नाही. ती भीती काढून टाका. ओटी भरावीशी वाटेल तेव्हा भरा, कुणी म्हणतं म्हणून नको. समाराधना घालायची झाली तर आधी मुलाला विचारा. तो नको म्हणाला, तर थांबा.