लवचीक, तन्य आणि सावरणारी

भूकंपात टिकणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या इमारतींवरचा मजकूर मराठीत आणताना ‘डक्टिलिटी’ आणि ‘रेझिलियन्स’ या दोन्हींसाठी ‘लवचीकता’ वापरली तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

नाही चालणार. ‘लवचीक’ हा ‘लवणे’च्या घरातला शब्द. फांदी लवते आणि सोडली की जागेवर जाते; हे परत जाणं त्या शब्दात मुरलेलं आहे. डक्टिलिटीत, म्हणजे न तुटता कायमचं वाकण्या-ताणण्याच्या गुणात, नेमकं तेच नसतं.

सळ्या बांधायची तार हातात घेऊन बघा. किंचित वाकवून सोडली तर सरळ होते. आणखी वाकवली की तशीच राहते, पण तुटत नाही. त्याच जागी भराभर मागेपुढे वाकवत राहिलं की बोटांना ऊब लागते. हाताचा जोर तारेनं जिरवला, त्याची ती ऊब. भूकंपात पोलादी तुळईला हेच करायचं असतं. बांधकामाचं साधं पोलाद लांबी सुमारे ०.१२ टक्के वाढेपर्यंत मूळ मापावर परततं. तुटण्याआधी मात्र २० टक्क्यांहूनही जास्त ताणलं जातं. मधली ही ऐसपैस जागा म्हणजे ‘तन्यता’. शाळेत आपण तो शब्द ‘तार काढता येणे’ एवढ्यापुरता शिकतो, पण मूळ धातू ‘तन्’, म्हणजे ताणणे. तंतू आणि तणाव त्याचेच. त्यामुळे इथे तो चपखल बसतो.

फक्त तन्य कोण, हे वाक्यात स्पष्ट हवं. १७ जानेवारी १९९४ला कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपात शंभराहून अधिक पोलादी इमारतींत तुळई आणि खांब यांच्या वेल्डिंगच्या जोडांना तडे गेले. पोलाद तन्य, जोड ठिसूळ! पुढे जे उपाय निघाले त्यातला एक मला फार आवडतो: खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या फ्लँज, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या, मुद्दाम कापून अरुंद करायच्या, म्हणजे तुळई तिथे वाकते आणि जोड वाचतो. ‘मोडेन पण वाकणार नाही’ या बाण्याच्या बरोबर उलट.

पण वाकलेली तुळई माणसं वाचवते, इमारत वापरात राहीलच असं नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या २०११च्या भूकंपात न कोसळलेल्या कितीतरी इमारती नंतर पाडाव्या लागल्या. म्हणून आता वाकण्याचं काम बोल्टनं जोडलेल्या छोट्या तुकड्यावर सोपवतात. विजेचा फ्यूज बदलावा तसा तो काढून नवा बसवायचा. नुकसानीनंतर लवकर पुन्हा वापरात येण्याची ही क्षमता म्हणजे रेझिलियन्स. तिच्यासाठी मी नवा संस्कृत शब्द घडवणार नाही. ‘सावरणे’ आहे की. ठेच लागलेला माणूस सावरतो, आजारातून घर सावरतं.

तेव्हा दोन्ही कल्पना एका वाक्यात आणायच्या तर मी असं लिहीन: ‘सांगाडा तन्य असल्यामुळे इमारत कोसळणार नाही, आणि वाकलेले तुकडे बदलता येत असल्यामुळे ती लवकर सावरेल.’