बराक, बरकत आणि मरकत

एका वाचकाने पुढील प्रश्न विचारला आहे : "इस्रायलचे माजी पंतप्रधान एहूद बराक, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि भारतीय नौदलाचे बराक क्षेपणास्त्र, या तिन्ही ठिकाणचा 'बराक' हा शब्द एकच आहे काय? तसे असल्यास मराठीतील 'बरकत' या शब्दाशी त्याचे नाते सांगता येईल काय?"

एहूद बराक यांचे आडनाव आणि क्षेपणास्त्राचे नाव हा एकच हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ वीज, म्हणजे आकाशात चमकणारी विद्युल्लता, असा आहे. ओबामांचे 'बराक' हे नाव मात्र वेगळ्या धातूपासून आलेले आहे, आणि वाचकाने सुचवलेला 'बरकत' हा शब्द या दुसऱ्या नावाचा सोयरा आहे. हिब्रू आडनावाशी नाते सांगू शकेल असाही एक शब्द मराठीत आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून त्याची चर्चा पुढे सविस्तर केली आहे.

घोटाळ्याचे मूळ लिपीत आहे. हिब्रू आणि अरबी या एकाच सेमिटिक कुळातील भाषा असून त्यांचे बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे राहतात. या दोन्ही भाषांत 'क' या ध्वनीची दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, ती देवनागरीत येताना एकच होतात. 'कलम' आणि 'किताब' हे दोन्ही शब्द आपण एकाच 'क'ने लिहितो. अरबीत मात्र कलममधला 'क' घशातून उच्चारला जातो आणि त्याचे अक्षरही वेगळे आहे. एहूद बराक यांच्या आडनावात कलममधला 'क' आहे आणि बरकतीत किताबमधला. हिब्रूत पहिल्या अक्षराला कोफ व दुसऱ्याला काफ म्हणतात. आजच्या इस्रायलमध्ये बहुतेक लोक कोफचा उच्चार साध्या 'क'सारखाच करतात, त्यामुळे कानाला भेद कळत नाही, परंतु लेखनात तो काटेकोरपणे पाळला जातो.

कोफ असलेल्या धातूचा मूळ अर्थ चमकणे असा आहे. अरबीत वीज या अर्थी 'बर्क' हा शब्द आहे आणि उर्दू कवितेच्या वाचकांना तो परिचित असेल. आधुनिक हिब्रूने याच धातूपासून तारेसाठी, म्हणजे टपाल खात्याच्या तारेसाठी, 'मिव्राक' हा शब्द घडवला, तर एखाद्याला अचानक सुचलेल्या तल्लख कल्पनेला 'हव्राका' म्हणतात. काफ असलेल्या धातूत आशीर्वादाचा अर्थ आहे. ज्यू प्रार्थनांतील आशीर्वचने ज्या 'बारुख' या शब्दाने सुरू होतात तो शब्द, आशीर्वाद या अर्थाचा 'ब्राखा', अरबी 'बरका', आपली बरकत आणि 'ईद मुबारक'मधले मुबारक हे सर्व त्या धातूचे आहेत. तत्त्वज्ञ स्पिनोझा यांचे बारुख हे नाव पोर्तुगीजमध्ये बेंतो आणि लॅटिनमध्ये बेनेडिक्टस झाले, तेही याच अर्थाला धरून.

ओबामांचे नाव त्यांना वडिलांकडून मिळाले. ते केनियातील लुओ समाजाचे होते आणि पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीच्या वाटेने आलेल्या अरबी 'बरका'पासून हे नाव बनलेले आहे. 'आशीर्वाद लाभलेला' असा त्याचा अर्थ होतो, म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते इजिप्तच्या होस्नी मुबारक यांच्या नावाच्या जवळचे आहे. येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवली पाहिजे. हिब्रू वृत्तपत्रे ओबामांचे नाव कोफ हेच अक्षर वापरून, म्हणजे विजेच्या शब्दासारखेच हुबेहूब, लिहितात. परभाषेतील 'क' कोफने लिहिण्याचा हिब्रूचा प्रघात आहे, कारण शब्दाच्या शेवटी आलेले काफ सामान्यतः 'ख'सारखे वाचले जाते (बारुखमधला शेवटचा ध्वनी पाहावा). त्यामुळे केवळ हिब्रू लेखन पाहून 'ओबामांच्या नावाचा अर्थ वीज' असे कोणी सांगितले, तर त्याचा गैरसमज कसा झाला हे समजण्यासारखे आहे. पण तो गैरसमजच आहे.

आता आडनावाकडे वळू. बराक हे मुळात व्यक्तिनाव आहे. बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अबीनवामाचा मुलगा बराक याची कथा येते. मराठी बायबलात हे नाव 'बाराक' असे लिहिलेले आढळते, आणि मूळ हिब्रूतील दोन्ही स्वर पाहता ते लेखन चांगले आहे. दबोरा ही भविष्यवादिनी त्या काळी इस्राएलांचा न्यायनिवाडा करीत असे. तिने बराकाला बोलावून दहा हजार माणसे घेऊन ताबोर डोंगरावर जाण्यास सांगितले, तेव्हा 'तू बरोबर येत असशील तरच मी जाईन' असे उत्तर त्याने दिले. शत्रूचा सेनापती सीसरा याच्याजवळ नऊशे लोखंडी रथ होते, तरीही त्याचा पराभव झाला. मात्र सीसरा मारला गेला तो याएल नावाच्या स्त्रीच्या हातून. या कथेत नावांची एक सुंदर जोडी आहे. दबोरेच्या नवऱ्याचे नाव लप्पिदोथ असे दिले आहे आणि हिब्रूत 'लप्पीद' म्हणजे मशाल. यावरून मशाल आणि वीज ही एकाच पुरुषाची दोन नावे असावीत, म्हणजे बराक हाच दबोरेचा नवरा असावा, असा अर्थ काही जुन्या ज्यू भाष्यकारांनी लावला होता.

असे असले तरी आजचे बराक आडनावाचे लोक या योद्ध्याचे वंशज म्हणून ते आडनाव लावत नाहीत. कोहेन किंवा लेव्ही ही आडनावे पुरोहितांच्या आणि त्यांच्या साहाय्यकांच्या कुळांवरून आलेली आहेत. बराकचा तसा कुळाशी संबंध नाही. विसाव्या शतकात युरोपातून पॅलेस्टाइनमध्ये आलेल्या असंख्य ज्यूंनी आपली जर्मन, यिद्दिश, पोलिश वा रशियन वळणाची आडनावे सोडून हिब्रू आडनावे घेतली. इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड ग्रून हे बेन-गुरियन झाले, पर्स्की यांनी पेरेस हे नाव घेतले, गोल्डा मायरसन १९५६ साली गोल्डा मेइर झाल्या. सैन्याधिकाऱ्यांनी आणि राजदूतांनी हिब्रू नावे घ्यावीत असा बेन-गुरियन यांचा आग्रहच होता. नवे नाव निवडताना कोणी जुन्या नावाचा अर्थ हिब्रूत आणला, तर कोणी जुन्या नावाशी ध्वनिसाम्य असलेला हिब्रू शब्द शोधला. बराक आडनावाची दोन सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे या दुसऱ्या प्रकारातील आहेत.

एहूद बराक यांचा जन्म १९४२ साली मिश्मार हशारोन या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, झाला तेव्हा त्यांचे आडनाव ब्रोग होते. इस्रायली सैन्यातील सर्वाधिक पदके मिळालेल्या सैनिकांत त्यांची गणना होते. १९९१ ते १९९५ या काळात ते सेनाप्रमुख, १९९९ ते २००१ पंतप्रधान आणि २००७ ते २०१३ संरक्षणमंत्री होते. ब्रोगमधील 'ब' आणि 'र' राखून बराक हे नाव साधले आहे. एहूद हे नावही 'शास्ते' या पुस्तकातलेच, आणि त्या एहूदाची कथा बराकाच्या कथेच्या लगेच आधीच्या अध्यायात येते. त्यामुळे नाव आणि आडनाव मिळून बायबलची लागोपाठची दोन पाने समोर उभी राहतात.

अहरोन बराक यांचे उदाहरण मला भाषेच्या दृष्टीने अधिक हृद्य वाटते. त्यांचा जन्म १९३६ साली लिथुआनियातील कौनास येथे झाला आणि त्यांचे मूळ नाव एरिक ब्रिक होते. नाझींच्या काळात कौनासच्या घेट्टोतून या लहान मुलाला पोत्यात लपवून बाहेर काढण्यात आले. १९४७ साली कुटुंब पॅलेस्टाइनला पोचले. हिब्रूत ब्रिक हे नाव बेत, रेश, योद आणि कोफ अशा चार अक्षरांनी लिहितात. हिब्रू लेखनात स्वर बहुधा दाखवत नाहीत, म्हणून मधले योद हे एकच अक्षर काढले की उरते ते अक्षरशः बराक. योद हे हिब्रू वर्णमालेतील सर्वांत लहान अक्षर आहे; तेवढे गाळल्यावर परदेशी आडनावाच्या जागी बायबलातील नाव आले. पुढे अहरोन बराक १९७८ ते २००६ इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि त्यांपैकी १९९५ पासूनची वर्षे त्या न्यायालयाचे अध्यक्ष. मूलभूत हक्कांवर घातलेला निर्बंध त्याच्या हेतूच्या प्रमाणात आहे की नाही हे कसे तपासावे, या विषयावरील त्यांच्या विवेचनाचा आधार भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालच्या मॉडर्न डेंटल कॉलेज खटल्यातील निकालात घेतला होता. ब्रोग आणि ब्रिक या दोन वेगळ्या घरांनी आपापल्या वाटेने हे नाव स्वीकारलेले असल्यामुळे, एहूद आणि अहरोन यांना एका कुटुंबातील समजणे चुकीचे ठरेल.

या आडनावाच्या आणखी दोन व्यक्ती सहज आठवतात. दाफ्ने बराक-एरेझ या २०१२ पासून इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ बोआझ बराक यांनी संजीव अरोरा यांच्यासह संगणकीय जटिलतेवर लिहिलेले २००९ सालचे पाठ्यपुस्तक त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. दबोरेच्या कथेतील मशालही आडनाव होऊन इस्रायलच्या पंतप्रधानपदापर्यंत पोचली आहे. २०२२ साली पंतप्रधान झालेले याईर लापिद यांचे वडील नोवी साद येथे लाम्पेल या आडनावाने जन्मले होते आणि त्यांनीही ध्वनी व अर्थ दोन्ही सांभाळत लापिद हे नाव घेतले.

विजेवरून माणसाला ओळखण्याची ही रीत मात्र फार जुनी आहे. हिब्रूची सख्खी बहीण म्हणता येईल अशी फिनिशियन भाषा कार्थेजमध्ये बोलली जात असे. तेथील सेनापती हामिल्कार याला 'बार्का' म्हणत, आणि हे उपनाम त्याच धातूवरून आलेले, विजेच्या अर्थाचे मानले जाते. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबल हा त्याचा मुलगा, आणि इतिहासकार या घराण्याला बार्का घराणे म्हणूनच ओळखतात.

आता मराठीशी असलेल्या नात्याविषयी. चमकण्याच्या या धातूपासून हिब्रूत 'बारेकेत' हा एका रत्नाचा शब्द बनला आहे. निर्गम या पुस्तकात मुख्य पुरोहिताच्या उरपटावरील बारा रत्नांत पहिल्या ओळीचे तिसरे रत्न म्हणून तो येतो. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी 'स्माराग्दोस', म्हणजे पाचू, हा शब्द आहे. हा ग्रीक शब्द सेमिटिक भाषांतूनच उसना घेतलेला असावा आणि संस्कृतातील 'मरकत' हा शब्दही त्याच परिवारातला, रत्नांच्या व्यापाराबरोबर पश्चिमेकडून आलेला असावा, असे अनेक व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात. 'ब'चा 'म' होणे हा ओष्ठ्य वर्णांतला नेहमीचा बदल आहे. त्यामुळे प्रश्नकर्त्याने बरकत हा शब्द सुचवला तेव्हा त्यांचे अनुमान एकाच अक्षराने चुकले असे मला वाटते. बरकत ही ओबामांच्या नावाची नातलग आहे, आणि बराक आडनावाचे नाते सांगायचे तर ते मरकत या शब्दाशी सांगावे लागेल.

दुसरा दुवा कोकणातला आहे. तेल अवीवजवळील ब्ने ब्राक हे शहर १९२४ साली वसवले गेले आणि त्याला बायबलातील एका जुन्या गावाचे नाव देण्यात आले. या नावातील 'ब्ने' म्हणजे 'पुत्र', आणि आपल्या बेने इस्रायल या कोकणातील ज्यू समाजाच्या नावातील 'बेने' हा तोच शब्द आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या पाठात, ब्ने ब्राक येथे जमलेले पाच धर्मगुरू इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा रात्रभर सांगत राहिले, असा प्रसंग आहे. बेने इस्रायलांसाठी मराठी भाषांतरासह हगादा १८७४ साली पुण्यात छापला गेला होता. रोहेकर, पेणकर, केहिमकर अशी गावावरून आडनावे लावणाऱ्या या मराठीभाषक घरांत 'ब्राक' हा शब्द त्या वाचनामुळे कितीतरी आधीपासून ऐकला जात होता.

क्षेपणास्त्राविषयी थोडक्यात सांगतो. इस्रायलने त्याला विजेचे नाव दिले आहे. त्याची बराक-८ ही आवृत्ती भारत आणि इस्रायल यांनी मिळून विकसित केली, आणि मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आयएनएस कोलकाता या विनाशिकेवरून डिसेंबर २०१५ मध्ये तिची चाचणी झाली.

मराठीत 'बराक' हा एक स्त्रीलिंगी शब्दही आहे, 'तुरुंगाच्या बराकीत' या प्रयोगातला. तो इंग्रजीतून आला असून त्यामागे फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील झोपडी या अर्थाचा शब्द आहे. त्याचा वा आसामातील बराक नदीचा या हिब्रू नावाशी संबंध जोडू नये. 'बराकीने' आणि 'बराक यांनी' अशा विभक्तिरूपांमुळे वाक्यात गोंधळ होण्याचा संभव कमीच आहे. तरीही ज्यांना भेद स्पष्ट हवा असेल त्यांनी आडनाव मराठी बायबलाप्रमाणे 'बाराक' असे लिहिले, तर ते मूळ उच्चाराला अधिक जवळचे होईल.