किल्ल्याच्या बांधकामाचं एचिंग: समासाला कात्री लावू देऊ नका

खंदक खणणारे मजूर, टोपल्यांतून माती वाहणारी रांग, मागे अर्धवट उठलेला टोकदार बुरूज. तुमचं एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र) पाहिलं आणि ‘कडा डागाळल्यात, कापून नवी फ्रेम करू का?’ हा प्रश्न वाचून राहवलं नाही. कापू नका!

माझ्याकडच्या अशाच चित्राचं फ्रेम करणाऱ्याने वाटोळं केलं. मला न विचारता चारही बाजूंचे समास छाटले आणि उरलेला कागद सरसाने पुठ्ठ्यावर पक्का चिकटवून दिला. किल्ल्याचं, चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव खालच्या पट्टीत होतं, ते गेलं. छापताना तांब्याच्या पत्र्याची कड कागदात दबून चौकट उमटते, तीही गेली. पाठ बंद झाल्यामुळे कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागदाच्या आतली कारखान्याची खूण) बघायची सोय राहिली नाही. तक्रार केली, तर म्हणे ‘आता किती स्वच्छ दिसतंय!’ आजही संताप येतो. डागाळलेला समास हा कचरा नसतो, चित्राची अर्धी ओळख तिथेच असते.

चित्र खरंच एचिंग आहे का हे बघायचं तर भिंग घ्या. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची यांत्रिक छपाई. आम्लाने कोरलेल्या रेघेचं टोक बहुधा बोथट असतं, हत्याराने कोरलेली रेघ निमुळती होत जाते. जुन्या चित्रांत दोन्ही एकत्रही सापडतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

किल्ला ओळखताना एक गोष्ट हमखास सुटते. पत्र्यावरचं चित्र कागदावर आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं उतरतं. काही कलाकार आधीच उलटं कोरत, काही नाही. म्हणून शिपायांच्या तलवारी बघा. नेहमीच्या डाव्या कमरेऐवजी सगळ्यांच्या उजव्या कमरेला असतील तर चित्र उलटं असण्याची दाट शक्यता आहे, मग नकाशाशी आरशातून ताडून पाहा. बाणाच्या टोकासारखे बुरूज युरोपात सोळाव्या शतकात पसरले, पण फ्रेंच किल्लेबांधणी अभियंता व्होबाँच्या काळातही (१६३३–१७०७) तेच बांधत होते. नुसत्या बुरुजावरून साल काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मी संवर्धक (जुन्या कागद-चित्रांची दुरुस्ती आणि जपणूक करणारा तज्ज्ञ) नाही, त्यामुळे डाग काढण्याबद्दल बोलणार नाही. खोडरबर आणि ओला बोळा मात्र दूर ठेवा. फ्रेम करायचीच तर आम्लरहित बोर्ड, चित्र बोर्डाला अडकवायला जपानी कागदाच्या बिजागऱ्या (छोट्या पट्ट्या) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ एवढंच मागा. चिकटपट्टी नको. ‘कागद कापायचा नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. आणि देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खालच्या पट्टीचा एक जवळून, तिरप्या उजेडात. तो इथे टाका, अक्षरं लावायला मी मदत करेन.